भयाची जादू, उसाची कांडी

‘माझ्याजवळ काही जादूची कांडी नाही’ हे वाक्य आपल्या कानांवर वरचेवर येते. नळाला पाणी आले नाही की नगरसेवक ते म्हणतात, निकाल खाली आला की मास्तर म्हणतात, आणि महिन्याच्या अखेरीस पाहुणे दाराशी उभे राहिले की घरातली गृहिणीही मनातल्या मनात तेच म्हणते. वर्तमानपत्रांतील अर्थसंकल्पाची चर्चा तर ‘जादूची कांडी फिरवावी तसे’ या शब्दांवाचून पुरी होत नाही. गंमत अशी, की ही कांडी कोणी पाहिलेली नाही. ती आपल्यापाशी नाही, एवढे सांगण्यापुरतेच सगळे तिचे नाव घेतात. जी वस्तू अस्तित्वातच नाही, तिच्यासाठी भाषेने इतका सुबक शब्द घडवावा आणि तो लहानथोरांच्या तोंडी सहज बसावा, याचे कौतुक वाटल्यावाचून राहत नाही.

आपल्यासारख्या महाराष्ट्राबाहेरच्या मराठी घरांना या शब्दाचा विचार करण्यास आणखीही एक कारण आहे. आमच्या सीमाभागातील मूल कन्नडच्या तासाला याच वस्तूस ‘मंत्रदंड’ म्हणायला शिकते. हैदराबादेतील मराठी मुलाला तेलुगू सोबत्यांकडून ‘मंत्रदंडम्’ ऐकायला मिळतो. इंदूर-ग्वाल्हेरकडील मूल ‘जादू की छडी’ म्हणते, तर बडोद्याचे मूल ‘जादुई छडी’. ‘कांडी’ हा शब्द त्यांना भेटतो तो बहुधा घरीच, आजीच्या किंवा आईच्या गोष्टीत. वस्तू एकच, पण शेजाऱ्याचा दंड, दुसऱ्या शेजाऱ्याची छडी आणि आपली मात्र कांडी, असे का झाले असावे? शब्द थोडा उकलून पाहिला तर उत्तर सापडते. आणि त्या उत्तराबरोबर असेही काही हाती लागते, की जे केवळ व्याकरणापुरते राहत नाही.

जादूचे कुळ

‘जादू’ हा शब्द आपण फारसीतून घेतला. बहमनी राज्याची स्थापना १३४७ साली झाली आणि पुढे काही शतके दख्खनच्या दरबारांत फारसीचा अंमल राहिला. त्या काळात असे शेकडो शब्द मराठीत स्थिरावले. शिवछत्रपतींच्या आज्ञेने रघुनाथपंतांनी ‘राजव्यवहारकोश’ सिद्ध केला आणि राज्यकारभारातील यावनी शब्दांस संस्कृत पर्याय दिले. परंतु जे शब्द कचेरीतून निघून स्वयंपाकघरापर्यंत आणि पाळण्यापर्यंत पोहोचले होते, त्यांना कोणता कोश परत पाठवणार? १९२५ साली ‘फार्शी-मराठी कोश’ तयार करणारे माधवराव पटवर्धन, म्हणजेच कवी माधव ज्यूलियन, यांचा जन्म बडोद्याचा. पुढे हेच गृहस्थ भाषाशुद्धीचे कडवे पुरस्कर्ते झाले. एकाच पंडिताच्या आयुष्यात फारसीचा कोश आणि भाषाशुद्धीचा आग्रह दोन्ही नांदावेत, यातच आपल्या भाषेचा सारा इतिहास आला.

पण ‘जादू’ला परकी म्हणून बाजूस सारण्यापूर्वी तिचे कुळ विचारावे. इराणच्या प्राचीन अवेस्ता ग्रंथात ‘यातु’ असा शब्द आहे. तोच कालांतराने फारसीत ‘जादू’ झाला. आणि हाच ‘यातु’ शब्द, अगदी याच रूपात, आपल्या ऋग्वेदात आहे! संस्कृतातून तो इराणात गेला किंवा तिकडून इकडे आला असे मात्र समजू नये. वेदांची भाषा आणि अवेस्तेची भाषा या एका आईच्या लेकी. दोघींनी आईच्या घरून हा शब्द आपापल्या संसारात नेला, एवढेच.

‘यातु’चा ‘जादू’ कसा झाला, हे समजण्यास पांडित्य नको. फारसीत शब्दारंभीच्या ‘य’चा ‘ज’ झाला. आपल्या ‘युवन्’चा जो नातलग, तो तिकडे ‘जवान’. दोन स्वरांमधल्या ‘त’चा तिकडे ‘द’ झाला. आपल्या ‘भ्रातृ’चा जो नातलग, तो ‘बिरादर’. हे दोन्ही बदल एकत्र केले की यातुचा जादू झालाच म्हणून समजा.

आता हाच शब्द प्राकृताच्या वाटेने मराठीत उतरला असता तर त्याचे काय झाले असते? आपल्याकडेही ‘य’चा ‘ज’ होतो: यव–जव, योगी–जोगी, यात्रा–जत्रा. पण मधला ‘त’ आपण पार गिळून टाकतो. म्हणून ‘भ्रातृ’चा ‘भाऊ’ होतो. या हिशेबाने ‘यातु’चे मराठी रूप झाले असते ‘जाऊ’! आणि ती जागा तर आधीच भरलेली आहे. दिराच्या बायकोला संस्कृतात ‘यातृ’ म्हणतात. तिचीच मराठीत ‘जाऊ’ झाली. यातु आणि यातृ हे शब्द अगदी निराळे, त्यांचा परस्परांशी संबंध नाही. तरीही फारसीने ‘जादू’ आणून दिली नसती, तर मराठी घरात केवढा घोटाळा माजला असता याची कल्पना भगिनीवर्गाने करावी. काही घरांत तो घोटाळा तसाही आहे, असे कोणी म्हटल्यास तो व्याकरणाचा विषय नव्हे.

असो. थट्टा बाजूस ठेवून ‘यातु’चा अर्थ पाहू लागलो की हसू मावळते. वेदकाळी यातु म्हणजे मौजेची जादू नव्हे. दुसऱ्याचे वाईट व्हावे म्हणून अंधारात केलेला प्रयोग म्हणजे यातु, आणि तो करणारा ‘यातुधान’. करणारी स्त्री असेल तर ‘यातुधानी’. अथर्ववेदाच्या आरंभीच यातुधानांना हुडकून काढण्यासाठी अग्नीला आवाहन करणारी सूक्ते आहेत. पुढे अमरकोशाच्या काळापर्यंत ‘यातु’ आणि ‘यातुधान’ हे राक्षसाचे प्रतिशब्द होऊन बसले. म्हणजे ज्याच्याविषयी संशय होता, त्याचे माणूसपणच भाषेने काढून घेतले.

या संदर्भात ऋग्वेदाच्या सातव्या मंडलातील एकशे चौथे सूक्त फार बोलके आहे. हे मंडल वसिष्ठांचे. त्यात एक ऋचा शपथेची आहे. मी यातुधान असेन तर मला आजच मरण येवो. आणि जो मला खोटेपणाने यातुधान म्हणतो, त्याला आपल्या दहा वीर पुत्रांचा वियोग घडो, असा तिचा आशय आहे. वसिष्ठांनी पैजवन राजासमोर शपथ घेतल्याचा उल्लेख मनुस्मृतीतही आहे. वसिष्ठांसारख्या ऋषीच्या मंडलात ‘मी जादूटोणा करणारा नव्हे’ अशी शपथ यावी, हे आमच्या मते या शब्दाच्या इतिहासातील सर्वांत महत्त्वाचे पान होय. जो शब्द आज आपण मुलांना हसविण्यासाठी वापरतो, त्याचा पूर्वज आपल्या सर्वांत जुन्या ग्रंथात आरोप म्हणून येतो, आणि ज्याच्यावर तो आरोप झाला त्याची तडफडही तेथेच नोंदलेली आहे.

परीचे पूर्वचरित्र

जादूच्या कांडीची मालकीण म्हणजे परी. तिचेही पूर्वचरित्र असेच आहे. ‘परी’ हा शब्दही फारसी. इंग्रजी ‘फेअरी’शी त्याचे ध्वनिसाम्य आहे म्हणून दोन्ही एकच, असे पुष्कळांस वाटते, पण इंग्रजी शब्द लॅटिनमधील दैववाचक शब्दापासून आला आहे आणि आपली परी आली आहे अवेस्तेतील ‘पइरिका’पासून. ही पइरिका पंख लावून फुलांवर बसणारी गोड मुलगी नव्हती. ती माणसाला भुलवून नासविणारी दुष्ट शक्ती होती, आणि अवेस्तेत तिचे नाव पुष्कळदा यातुंच्या जोडीनेच येते. दोघांपासून रक्षण व्हावे म्हणून तेथे प्रार्थना आहेत.

पुढे इराणी कवींच्या हाती पइरिकेची परी झाली, सौंदर्याची उपमा झाली. जादूचा प्रवास थोडा सावकाश झाला. १०१० साली पूर्ण झालेल्या फिरदौसीच्या ‘शाहनाम्या’त ‘जादू’ हा शब्द जादू करणाऱ्या व्यक्तीसही लावलेला आहे. वीर रुस्तमाच्या सात संकटांपैकी चौथे संकट म्हणजे अशी एक मायाविनी स्त्रीच होय. कालांतराने ‘जादू’ म्हणजे ती विद्या आणि ‘जादूगर’ म्हणजे ती करणारा, अशी वाटणी पक्की झाली. आपण तो ‘जादूगार’ केला.

इंग्रजीचा ‘मॅजिक’ हा शब्दही इराणचाच, हे येथे नोंदवून ठेवू. प्राचीन इराणातील पुरोहितांना ‘मगु’ म्हणत. दारयवहु राजाच्या बेहिस्तून येथील शिलालेखात तो शब्द आहे. ग्रीकांनी त्या पुरोहितांचे विधी दुरून पाहिले, ते त्यांना अद्भुत आणि संशयास्पद वाटले, आणि त्यांच्या नावावरून त्यांनी जादूला नाव दिले. एका लोकांचा पुरोहित तो दुसऱ्या लोकांच्या भाषेत जादूगार! शेजाऱ्याचे आचार कळले नाहीत की माणूस त्याला जादूटोणा म्हणून मोकळा होतो, ही खोड फार जुनी आहे. परक्या मुलखात पिढ्यान् पिढ्या राहिलेल्या आपल्यासारख्यांना ती निराळी समजावून सांगावयास नको.

काठी कोठून आली?

परी झाली, जादू झाली. राहिली ती हातातील काठी. ती मात्र आपल्या जुन्या गोष्टींत फारशी दिसत नाही. आपल्याकडील ऋषी कमंडलूतील पाणी हातावर घेऊन शाप देतात. मांत्रिक मंतरलेले उडीद किंवा अक्षता फेकतो. कोणी भस्म फुंकतो. आणि खेळ करणाऱ्या ऐंद्रजालिकाच्या हाती असतो तो मोरपिसांचा कुंचा. सातव्या शतकातील सम्राट हर्षाच्या ‘रत्नावली’ नाटिकेत असा एक ऐंद्रजालिक आहे. त्याचे नाव शंबरसिद्धी, आणि तो आलेला आहे उज्जयिनीहून. माळव्यातील आमच्या वाचकांनी याची अवश्य नोंद घ्यावी! उदयन राजासमोर तो मोरपिसांची पिच्छिका फिरवतो आणि आकाशात ब्रह्मा, विष्णू, शंकर, इंद्र असे देव दाखवतो. नंतर अंतःपुरात आग लागलेली दिसते. राजा बंदिवान सागरिकेला सोडविण्यासाठी ज्वाळांत शिरतो, आणि तिला बाहेर आणल्यावर पाहतो तो आग कुठेच नाही. तीही इंद्रजालाचीच करामत. सर्वांच्या देखत केलेला आणि शेवटी सुखाने उलगडलेला असा हा खेळ आहे. यातुधानाच्या अंधाऱ्या प्रयोगापासून आपल्या पूर्वजांनी हा खेळ निराळा ओळखला होता, हे यावरून दिसते.

काठीची परंपरा अधिक ठळक आहे ती पश्चिमेकडे. होमरच्या ‘ओडिसी’त सर्सी नावाची मायाविनी ओडिसियसच्या सोबत्यांना औषधी मिसळलेले अन्न देते आणि काठीचा स्पर्श करून त्यांची डुकरे करते. त्याच काव्यात देवदूत हर्मीसच्या हाती माणसांना निजविणारी आणि जागविणारी काठी आहे. बायबलात मोझेसच्या काठीचा साप होतो. हीच परंपरा उतरत उतरत १६९७ साली फ्रान्समध्ये शार्ल पेरो यांच्या ‘सिंड्रेला’च्या कथेत आली. तेथे मानलेली आई असलेली परी भोपळ्याला काठी लावते आणि त्याचा रथ होतो. फ्रेंचमध्ये त्या काठीला ‘बॅगेट’ म्हणतात. आज शहरांतील बेकऱ्यांत मिळणाऱ्या लांबट फ्रेंच पावाचे नावही तेच, कारण मूळ अर्थ बारीक काठी. इंग्रजीतील ‘वाँड’ हा शब्द जुन्या नॉर्स भाषेतून आला. त्याचा अर्थ लवचीक डहाळी, वाकवावी तशी वाकणारी फोक. म्हणजे पश्चिमेकडील भाषांनीही या अद्भुत वस्तूसाठी नवा शब्द घडवला नाही. झाडाची एक डहाळी उचलली आणि परीच्या हाती दिली.

रंगमंचावरील जादूगार काठी का बाळगतो, याचे कारण याहूनही साधे आहे. हातात काठी धरली की मूठ मिटलेली राहते, आणि मिटलेल्या मुठीत नाणे लपवता येते. कोणाला शंका येत नाही. काठीने एकीकडे निर्देश केला की प्रेक्षकांचे डोळे तिकडे वळतात, आणि जे घडायचे ते दुसरीकडे घडते. पी. सी. सरकार किंवा आपले पुण्याचे जादूगार रघुवीर यांचे खेळ ज्यांनी पाहिले, त्यांनी ही नजरबंदी भरपूर अनुभवली असेल. कांडीत शक्ती नसते. ती धरणाऱ्या हाताला केलेल्या सरावात असते. मराठीने या विद्येला ‘हातचलाखी’ हे नाव दिले आहे. त्यात गुपित तर सांगून टाकलेलेच आहे; फक्त ते ऐकणारा हवा.

कांडीचे घर

इंग्रजी कथांमधून ही परी आणि तिची काठी मराठी घरात आली, तेव्हा तिला नाव देण्यासाठी शब्द काही थोडे नव्हते. दंड होता. पण दंड म्हटला की राजदंड आठवतो, आणि शिक्षाही आठवते. परीच्या नाजूक हाताला तो पेलला नसता. छडी होती. परंतु हिंदी-गुजरातीत ती शोभत असली, तरी मराठी मुलाला छडी म्हटले की आठवते ती मास्तरांची. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने मुलांना मारण्यास मनाई झाली. तो कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला आणि छडी शाळेतून गेली. तरी शब्दाला चिकटलेला तळहाताचा चटका अजून गेलेला नाही. काठी म्हाताऱ्याची, सोटा गोसाव्याचा, काडी तर मोडून टाकण्याची. काडीमोड हा शब्दच त्याची साक्ष देतो. राहिली कांडी, आणि मराठीने नेमकी तीच निवडली.

‘कांडी’ ही संस्कृत ‘कांड’ या शब्दाची वंशज. कांड म्हणजे वेताचा, बांबूचा, उसाचा एका पेरापासून दुसऱ्या पेरापर्यंतचा भाग. ग्रंथाच्या विभागालाही त्यावरूनच कांड म्हणू लागले, कारण ऊस जसा कांड्याकांड्याने वाढतो तसा ग्रंथही. रामायणाची कांडे सात, अमरकोशाची तीन, अथर्ववेदाची वीस. यातुधानांविरुद्धची जी सूक्ते आम्ही वर सांगितली, ती या अथर्ववेदाच्या पहिल्याच कांडात आहेत. म्हणजे ‘जादू’चा नातलग आणि ‘कांडी’चा पूर्वज यांची गाठ तेथेच एकदा पडून गेली होती! दूर्वा वाहताना म्हणतात त्या यजुर्वेदातील मंत्रातही दूर्वेचे वर्णन कांडाकांडातून फुटत जाणारी असेच आहे. एवढ्याशा गवताला ‘कांड’ या शब्दाने वाढीचा आशीर्वाद दिला.

मराठीत हा शब्द शेतात आणि मागावर राहिला. उसाचे कांडे आपण सगळेच ओळखतो. ऊस बी पेरून लावत नाहीत. त्याच्या कांड्या तोडून, ज्यांना शेतकरी टिपऱ्याही म्हणतात, त्या सरीत लावतात. प्रत्येक पेरापाशी एक डोळा असतो, आणि त्या डोळ्यातून नवा कोंब फुटतो. बेळगाव जिल्ह्यातील मुलाला हे शिकवावे लागत नाही, ते त्याने बांधावर बसून पाहिलेले असते.

दुसरी कांडी विणकराची. आडव्या सुताची नळी म्हणजे कांडी. ती धोट्यात बसते, आणि धोटा इकडून तिकडे धावू लागला की वस्त्र वाढत जाते. कांड्या भरणे हे मागाच्या घरातील बायकामुलांचे आणि वृद्धांचे काम. बेळगावातील शहापूर-वडगावची विणकर घरे असोत, इचलकरंजीचे यंत्रमाग असोत, की अहिल्याबाई होळकरांनी अठराव्या शतकात विणकर वसवले ते महेश्वर असो, कपडा दिसतो तो विणणाऱ्याच्या नावाचा. पण कांडी भरणाऱ्या हातांवाचून एक वीतभरही विणकाम होत नाही. इचलकरंजीत आजही कांडी कामगार हा कष्टकऱ्यांचा एक निराळा वर्ग म्हणून ओळखला जातो, आणि त्यात स्त्रियांचा भरणा मोठा आहे.

तेव्हा ‘परीची जादूची कांडी’ या शब्दसमूहात परी आली ती इराणातील भयातून, जादू आली ती त्याच भयातून, आणि कांडी आली ती उसाच्या फडातून व मागाच्या खोलीतून. दोन भ्यालेले शब्द आणि एक कष्टाळू शब्द. कांडी कोणाला भिववीत नाही. ती लहान असते, हातात मावते, गोड असते, आणि तिच्यातून काहीतरी उगवते किंवा विणले जाते. ‘जादू’च्या पुढे ती उभी राहिली आणि त्या जुन्या शब्दातील विष उतरले, असे आम्हांस वाटते.

खेळ आणि आरोप

परंतु हे विष सर्वत्र उतरलेले नाही. ‘जादू’च्या पुढे कांडी न येता ‘टोणा’ आला की तोच शब्द पुन्हा वेदकाळाइतका काळोखा होतो. करणी, चेटूक, मूठ, भानामती हे शब्द आपल्याला ठाऊक आहेत. भानामतीचे नाव तर मराठवाड्याप्रमाणेच लगतच्या कन्नड व तेलुगू मुलखांतही थोड्या फरकाने तेच आहे. भाषेच्या सीमेवर भय अडत नाही. गाईचे दूध आटले, मूल तापाने फणफणले, पिकावर रोग पडला, की बोट वळते ते बहुधा एकट्या राहणाऱ्या, थकलेल्या, जिच्यामागे कोणी नाही अशा बाईकडे. तिच्यावर जो आरोप होतो, तो ‘यातुधानी’ या आरोपाहून तिळमात्र निराळा नसतो. वसिष्ठांचे म्हणणे ऐकायला राजा होता. या बाईची शपथ ऐकायला गाव थांबत नाही.

डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी याविरुद्ध अनेक वर्षे लढा दिला. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांची हत्या झाली. त्यानंतर काही दिवसांतच महाराष्ट्र शासनाने वटहुकूम काढला आणि डिसेंबर २०१३ मध्ये त्याचा कायदा झाला. त्या कायद्याच्या लांबलचक नावात ‘जादूटोणा’ हा शब्द आहे. लोकांच्या तोंडी तर तो ‘जादूटोणाविरोधी कायदा’ म्हणूनच बसला. कर्नाटकानेही २०१७ साली अशा प्रथांविरुद्ध कायदा संमत केला. ज्या शब्दाचा पूर्वज ऋग्वेदातील शपथेत आहे, तो एकविसाव्या शतकातील अधिनियमात असावा, एवढे दीर्घ आयुष्य फार थोड्या शब्दांना लाभते. लाभले नसते तर बरे होते.

मग मुलांना जादूच्या गोष्टी सांगू नयेत काय? आमचे मत याच्या अगदी उलट आहे. अवश्य सांगाव्यात, आणि रंगवून सांगाव्यात. ‘खरंच अशी कांडी असते का हो?’ असा प्रश्न दुसरी-तिसरीतील एखादे पोर विचारतेच. त्याला ‘असते’ असे सांगून फसवू नये आणि ‘मूर्खा’ म्हणून हिरमुसलेही करू नये. एखादे नाणे घ्यावे, काठी धरलेल्या मुठीत ते लपवून दाखवावे, आणि मग मूठ उघडून दाखवावी. दोन्ही दाखवावे: नाणे नाहीसे झाल्याचा आनंद आणि ते कोठे होते याचे ज्ञान. हा खेळ ज्याने लहानपणी मूठ उघडून पाहिला आहे, तो मोठेपणी कोणा म्हातारीवर चेटकाचा आळ घेणाऱ्या जमावात सहसा उभा राहणार नाही, अशी आमची शिक्षक म्हणून श्रद्धा आहे.

आणि गोष्ट सांगताना शब्द ‘कांडी’च वापरावा. मुलाने शाळेत मंत्रदंड म्हणावा, छडी म्हणावी; ते त्या त्या भाषेतील योग्य शब्द आहेत आणि ते त्याला यायलाच हवेत. पण घरी आल्यावर कांडी असावी. शक्य असल्यास एकदा त्याला उसाच्या लावणीच्या वेळी शेतावर न्यावे. कांडी सरीत ठेवून, तिच्यावर माती ओढून पाणी सोडतात ते दाखवावे. तीन-चार आठवड्यांनी पुन्हा न्यावे, म्हणजे डोळ्यातून वर आलेला हिरवा कोंब त्याला दिसेल. त्याचा तोडणीजोगा ऊस व्हायला सुरू हंगामात सुमारे बारा महिने लागतात, आडसालीस अठरा लागतात, आणि मध्ये पाणी, खत, खुरपणी काही चुकत नाही, हेही त्याला तेथेच कोणी शेतकरी सांगेल.